सावळारामभाऊंची एकुलती एक कथा

मी कथा वाचायला लागलो की सावळारामभाऊ तिसऱ्या वाक्यालाच अडवायचे. "थांब. आई रडतीया म्हणतोस, पर बसलीया कुठं?"

पिंपरीतल्या आमच्या कंपनीत ते लेथवरचे जुने टर्नर आणि मी स्टोअरमधला नवा कारकून. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मी हौसेने लिहिलेल्या कौटुंबिक कथा ऐकवायचो. भाऊंचं शिक्षण सातवी, पण माझ्या कथेचा असा चोथा करायचे की डबा घशाखाली उतरायचा नाही.

"चुलीपाशी रडणं येगळं, मोरीपाशी येगळं," ते म्हणायचे. "चुलीपाशी धुराचं नाव सांगता येतं राव. मोरीपाशी पाणी सोडून ठेवावं लागतं."

मला राग यायचा. तरी घरी जाऊन मी कथा पुन्हा लिहायचो आणि ती सुधारलेली असायची.

कंपनीच्या दिवाळी अंकाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हात धुऊन मागे लागून मी त्यांच्याकडून एक कथा लिहून घेतली. कथेतल्या मुलीला फिट येत असतात. म्हणून मोरीच्या दगडी कठड्याला जुनी गोधडी बांधलेली, दाराला आतून कडी नाही, आणि कामावरून आलेला बाप आधी दाराला कान लावून भांड्यांचा आवाज ऐकतो, मगच चपला काढतो. वाचून मी रडलो आणि जशीच्या तशी छापली. भाऊंनी नावं बदलली होती, गाव बदललं होतं. थेरगावातली स्वतःची खोली मात्र तशीच उतरवली होती. ही त्यांच्या मुलीची, शांताची गोष्ट आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शांताचं लग्न ठरलेलं होतं. मुलाचे मामा आमच्याच पेंटशॉपमध्ये होते, आणि मुलगी बघायला आले तेव्हा त्या मोरीसमोर बसूनच चहा प्यायले होते. अंक वाचला आणि आठवड्यात लग्न मोडलं. भाऊंनी त्यांना गाठलं. "मनानं लिवलेली कथा हाय ती," म्हणाले.

"मग तुमच्या मोरीला गोधडी कशाला बांधलीया?" मामांनी विचारलं.

फिट येतात हे भाऊंनी लपवायला नको होतं, असं आज मी म्हणतो. तेव्हा मात्र आम्ही दोघं खात्याखात्यात फिरून अंक परत मागत होतो. "घरी न्हेला भाऊ, बायकोला लई आवडला," लोक कौतुकाने सांगायचे, आणि भाऊंचा चेहरा बघवत नसे.

पुढे रहाटणीचं एक स्थळ आलं. त्यांच्यातही कुणी अंक वाचला असेल, या धास्तीने भाऊंनी त्या रविवारी सकाळी कठड्याची गोधडी सोडली आणि दाराला आतून नवी कडी बसवली. पाहुणे यायच्या आधी आईबाप बाहेर ओट्यावर बसले. शांता साडी बदलायला आत गेली आणि तिने कडी लावली. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. दार फोडायला शेजारच्यांना बोलवावं लागलं.

कठड्यावर डोकं आपटलं होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच ती वारली. कथा मागणारा मी, छापणारा मी. भाऊंसमोर उभं राहायचीही मला लाज वाटत होती. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. माझा हात घट्ट धरून ते एवढंच सांगत राहिले, "दोन तासांपुरती सोडली व्हती रं. पावणं गेलं की लगेच बांधणार व्हतो."