दुलारीबाईंचा हात

आज सुनेसाठी सुंठ-गुळाचा काढा उकळून राहिला आहे, आणि त्या वासासरशी मी भिलाईच्या दवाखान्यात, त्या दुपारच्या व्हरांड्यात जाऊन पोचलो.

बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी, वर्ध्याला व्हायचं होतं. पण कळा आधीच सुरू झाल्या. मी आठवीतून शाळा सोडून तिथल्या स्टील प्लांटात लागलेला, घरचं कोणी जवळ नाही. तेवढ्या शेजारच्या छत्तीसगढी दुलारीबाई काढ्याची डोलची घेऊन बसलेल्या. उन्हात पांढरे पडदे हलत होते. आतून बायकोचा आवाज यायचा, मग बराच वेळ यायचाच नाही.

नर्सनं विचारलं, "लडकी की मां आई है?"

मी डोळे पुसत दुलारीबाईंकडे पाहिलं. दुलारीबाई पदर खोचत उठल्या. "मैं हंव ना!" जाता जाता मला रडण्यावरून दटावलं, "तैं काबर रोथस? बइठ इहां!"

किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीक रडणं ऐकू आलं, आणि मी भिंतीलाच हात जोडले.

आत गेलो तेव्हा बायको गुंगीत होती. "माय कवा आली हो? डोक्यावरून हात फिरवत होती."

दुलारीबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

तेव्हा वाटलं, बिचारीला भास झाला. आता वाटते, ती खरं तेच बोलून राहिली होती.