टेम्पोकाकींची जप्त गाडी

लोकांची घरं हलवायची हा टेम्पोकाकींचा धंदा. गाडी काकी चालवायच्या, ओझी काका उचलायचे. ठरलं होतं नेमकं उलटं. पण गिअर बदलताना काकांना देव आठवायचा, म्हणून पहिल्याच आठवड्यात काकींनी स्टिअरिंगचा ताबा घेतला तो कायमचा. सामान चढलं की गिऱ्हाईक कपाटांच्या किल्ल्या काकींच्या हवाली करायचं, कारण घर बदलण्याच्या गडबडीत पहिल्यांदा हरवतात त्या किल्ल्याच. काकी त्या कमरेच्या पिशवीत टाकायच्या आणि नव्या घरी कपाट जागेवर लागलं की परत द्यायच्या. कपाटात काय आहे हे त्यांनी कुणालाच कधी विचारलं नाही. लोकांच्या कपाटात नाक खुपसायची त्यांना हौसही नव्हती.

एका गोडबोल्या गिऱ्हाइकाचं सामान नेताना पोलिसांनी टेम्पो अडवला. कपाटात कपड्यांच्या खाली नशेच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. गिऱ्हाईक आत गेलं. काकींवर गुन्हा लागला नाही, पण टेम्पो जप्त झाला. गुन्ह्यात वापरलेली गाडी म्हणून सरकार तो लिलावात काढणार. मालकिणीला काही ठाऊक नव्हतं, हे मालकिणीनंच पटवून द्यायचं. म्हणजे चोराला पुरावा लागतो आणि टेम्पोला नुसता संशय पुरतो! त्यात कपाटाची किल्ली सापडली काकींच्याच पिशवीत. आता बोला.

जप्ती खात्याच्या साहेबांनी दोघांना बोलावून घेतलं.

"निष्काळजीपणा झाला असं लिहून द्या, गाडीच्या निम्म्या किमतीचा दंड भरा आणि गाडी घेऊन जा. कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता?"

टेम्पो जप्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्यांवर हमाली करून काकांची पाठ धरली होती. ते हळूच म्हणाले, "अगं, घेऊन टाकूया."

"अहो, आपलीच गाडी आपण विकत घ्यायची? आणि वर चुकलो म्हणायचं?" काकी उठल्याच. "येते साहेब."

काकींनी गाठलेल्या वकीलबाई हुशार होत्या, पण किल्लीपाशी त्याही अडल्या.

"काकी, त्यानं तुमच्या नकळत पिशवीत टाकली असेल का हो?"

"छे! मी हात पुढे करून घेतली."

"असं सांगितलं तर आपण हरू शकतो."

"हरलो तर हरलो. खोटं बोलून जिंकले, तर उद्या मला किल्ली कोण देईल?"

वरून एवढं ठणकावलं खरं, पण टेम्पो गेला तर या वयात दोघांनी करायचं काय, हा विचार त्यांना रात्री झोपू देत नव्हता. तो त्यांनी काकांनाही बोलून दाखवला नाही.

कोर्टात सरकारी वकिलांनी ती किल्ली उंच धरली. "ही तुमच्याकडे होती?"

"होती."

"म्हणजे कपाट उघडणं तुमच्या हातात होतं."

"होतं की."

"मग उघडून का पाहिलं नाही?"

काकींचा पारा चढला. "अहो, मी उघडत नाही म्हणून तर लोक माझ्याकडे देतात! उघडणारी असते तर कुणी दिली असती का?"

वकीलबाईंनी मग काकींची जुनी गिऱ्हाइकं उभी केली. एक शाळामास्तर, एक सोनार. सोनारानं तर तिजोरीची किल्लीसुद्धा काकींच्याच पिशवीतून गेल्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी निकाल दिला: किल्ली जवळ असणं म्हणजे आतलं माहीत असणं नव्हे, सरकारनं टेम्पो बिनशर्त परत करावा.

जप्तीच्या आवारात टेम्पो धुळीनं माखून उभा होता. बॅटरी पार बसलेली. काकांनी बाहीनं काच पुसली आणि त्याच बाहीनं डोळे.

"नशीबवान आहात, काकी," पहारेकरी म्हणाला. "सरकारकडून गाडी मिळते कुणाला?"

"मिळाली कसली? माझीच होती," काकी म्हणाल्या. त्या स्टिअरिंगवर बसल्या, आणि धक्का मारायला काकांच्या जोडीला त्यालाच लावला.