व्याह्यांचं खोकं आणि माझा मेन स्विच

यवतमाळ जिल्ह्यात माझ्या व्याह्यांइतका डोक्यात जाणारा माणूस दुसरा सापडणार नाही. त्यातून मी मुलीची आई. व्याह्यांवर ओरडायची आपल्याकडे सोय नाही, आलेला शब्द गिळून "पोळी वाढू का?" असं विचारावं लागतं. अशा किती पोळ्या मी दात-ओठ खात वाढल्या, ते माझं मला ठाऊक.

हे गृहस्थ वणीला कोळसा खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. यांनी जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक गोळा करून स्कॅन करायला घेतले. कुणीही आपल्या गावाचं किंवा आजोबांचं नाव टाईप करावं आणि जुनी बातमी समोर यावी, ही हौस. एवढ्या शोधाला एक मशीन पुरत नाही म्हणे, आणि ते बिघडलं तर सगळंच बुडतं. म्हणून एक सर्व्हर वणीला त्यांच्या घरी, दुसरा यवतमाळला माझ्या घरी. मला कुणी विचारलं? छे. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आले ते मिठाईऐवजी चादरीत गुंडाळलेलं काळं खोकं घेऊन, आणि ते माझ्या बैठकीत टीव्हीशेजारी बसलं ते बसलंच. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून, आणि मी पुठ्ठ्याने वारा घेतेय. जावयाचा झाला नसेल इतका मानपान त्या खोक्याचा झाला.

खरं भांडण मेन स्विचवरून. घराला कुलूप लावताना मेन बंद करायचा, ही सासूबाईंनी लावलेली शिस्त माझ्या हाडात मुरलेली. मी बाजारात गेले की मशीन बंद. मग वणीचं मशीन समजायचं, यवतमाळचं गेलं, आता मीच मुख्य. मी येऊन स्विच वर केला की इंटरनेट यायच्या आधीच माझं मशीनही स्वतःला मुख्य समजून बसायचं. दोघांचे हिशेब जुळेनात. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने व्याही दारात. "ताई, मेन काहून बंद करता?" घर जळलं तर तुम्ही बांधून देणार का, असं मी विचारलं नाही. पोळी वाढली.

यावर त्यांनी तिसरं मशीन काढलं आणि नागपूरला लेक-जावयाच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. आता तिघांपैकी निदान दोघं एकमेकांशी बोलत असतील तरच काम चालणार. एकट्याने कुणी मुख्य व्हायचं नाही. वर माझ्याच घरात, माझ्याच मेन स्विचवर 'हात लावू नये' असा कागद चिकटवून गेले.

आणि मग ते नागपूरचं घरच मोडलं. त्यांच्या मुलाने माझ्या लेकीशी जे केलं ते मी लिहिणार नाही. लेक परत आली, तिकडचं मशीन बंद पडलं, कोर्टाचं सगळं आटोपलं. आता मला कुणाची भीड नव्हती. त्यानंतर व्याही पहिल्यांदा आले तेव्हा मी पोळी विचारली नाही. तुमचं खोकं उचला म्हटलं, आणि त्यांच्या मुलाबद्दल साठलेलं सगळं बोलून टाकलं, इतक्या मोठ्याने की शेजारणीने आपला टीव्ही बंद केला.

मग ते हळूच म्हणाले, "पोट्टं चुकलं ताई. बाप असून मी काही करू नाही शकलो. पण हे नेलं त माह्यावालं एकटं चालत नाही. चालू असते, पण काम करत नाही. नुसतं वाट पाह्यते."

खोकं दुसऱ्या कुणाकडेही ठेवता आलं असतं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही. पाणी पिऊन ते स्टँडकडे गेले, खोकं न नेता. मीही मागे हाक मारली नाही.

राग गेलेला नाही. या माणसाला तसा मुलगा व्हावा, याचाच आता जास्त राग येतो. परवा राळेगावला भाचीकडे निघाले, तेव्हा कुलूप लावायच्या आधी सवयीने हात मेनवर गेला. त्या कागदाची एक कड सुटून आली होती. ती अंगठ्याने दाबून नीट चिकटवली आणि दार ओढून घेतलं.