वरच्या झऱ्याची बाटली

इमारतीतली पोरं तिला दगडमावशी म्हणायची, आणि त्यात पोरांची काही चूक नव्हती. तिच्या घरी पाहुण्याला खुर्ची मिळायची ती खुर्चीवरचे दगड उचलल्यावर. पाणी खडकातून वाहत येताना कोणकोणते धातू सोबत घेऊन येतं, हे शोधण्यात तिची उभी हयात गेली. "पाणी चाखून सांगता का हो?" असं कुणी विचारलं की ती फणकारायची, "चाखून कळलं असतं तर प्रयोगशाळेला कुलूप लावून घरी नसते का बसले?"

नवरा बुकबाइंडर. खळ आणि कागद हाताळून त्याच्या बोटांना बारमाही भेगा, आणि त्या भेगांवर तो जस्ताचं पांढरं मलम थापायचा. सुटी मिळाली की बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून तिच्याबरोबर डोंगर चढायचा. हमाल म्हणून तो लाखात एक होता, पण नमुने घ्यायला असा माणूस वैऱ्यालाही मिळू नये. हातमोजे घालायचा नाही. ज्या बाटलीला त्याचा हात लागला, तिच्यात यंत्राला जस्तच जस्त दिसायचं. एकदा तिने चिडून ते मलमच तपासलं आणि आलेले आकडे त्याच्या नाकासमोर धरले.

"बघा! निव्वळ जस्त. दुसरा धातू नावालासुद्धा नाही."

"म्हणजे माल शुद्ध आहे की," तो म्हणाला. "उगाच नावं ठेवतेस."

दुसरी खोड झाकणं आवळण्याची. घरातली एकही बरणी कुणाच्या बापाला उघडता यायची नाही. "तुम्ही आवळलीत, तुम्हीच उघडा," म्हणत ती बरणी त्याच्यापुढे आदळायची. तो उघडून द्यायचा, आणि पुन्हा तितकीच घट्ट लावायचा.

शेवटच्या खेपेला तिचा पाय मुरगळला. ती खाली गाडीत बसली आणि वरच्या झऱ्यावर तो एकटाच गेला. पाण्याच्या नमुन्यात लगेच आम्लाचे थेंब टाकावे लागतात, नाहीतर धातू हळूहळू पाणी सोडून बाटलीच्या भिंतीला चिकटतात. त्याच्या हाती आम्ल द्यायची तिची छाती झाली नाही. "नुसतं गाळून भरा आणि आणा, बाकीचं मी बघते," तिने बजावलं. त्याने आणलं. बाटली तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, छातीत दुखतंय. मग कुठलं आम्ल आणि कुठलं काय. दवाखान्यातून ती एकटीच घरी आली.

बाटली सापडली नंतर, पिशवी रिकामी करताना. बाटलीवरच्या चिठ्ठीत पाण्याचं तापमान लिहायचं असतं. त्याने लिहिलं होतं, "वरचा झरा. पाणी एकदम गार. तू हवी होतीस."

तेव्हापासून ती बाटली फळीवर होती, त्याच्या खळीच्या ब्रशाशेजारी. प्रयोगशाळेत तिने नेली नाही. झाकण त्याने आवळलेलं होतं, आणि ते तसंच राहावं एवढंच तिला वाटायचं. तिला तो हवा होता. हातमोज्यांवरून भांडायला, चहा गार झाला म्हणून कुरकुरायला, नुसता खोलीत असायला. वर्षं लोटली म्हणून ते हवं असणं तसूभर कमी झालं नव्हतं.

तिच्या हाताखाली शिकलेली मुलगी आता प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती. एका संध्याकाळी ती घरी आली. खुर्चीवरचे दगड तिने सवयीने उचलून खाली ठेवले.

"मॅडम, वरच्या झऱ्याच्या पाण्यात शिसं निघालंय. खालची सगळी वस्ती तेच पाणी पिते, लहान पोरंसुद्धा. तिथे डोंगरात बोगदा खणणारे म्हणतात, खडकच तसा, आधीपासूनच असणार. आणि बोगद्याच्या आधीचं पाणी तर कुणाकडेच नाही." हे बोलताना तिची नजर फळीवर गेली आणि तिने ती चटकन वळवली.

"त्यात आम्ल टाकलेलं नाही," दगडमावशी घाईने म्हणाली.

"आता टाकलं तर भिंतीला चिकटलेलं सुटतं ना? तुम्हीच शिकवलंत."

"सुटतं. पण त्याच बाटलीत टाकावं लागतं." म्हणजे झाकण उघडावं लागेल, हे तिला म्हणवेना. मुलीनेही आग्रह केला नाही. चहा पिऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी दगडमावशी बाटली छातीशी धरून प्रयोगशाळेत हजर झाली. हातमोजे चढवले आणि झाकणाला हात घातला. झाकण हलेना. हातमोजे घसरत होते. तिने दातओठ खाल्ले, टेबलाला पाय रोवला, तरी ते ढिम्म.

"पाना आणू का, मॅडम?"

"नको," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, जणू तो शेजारी उभा होता, "तुम्ही आवळलंत, तुम्हीच उघडा ना."

डोळे भरून आले. नमुन्यावर थेंब पडू नये म्हणून तिने तोंड बाजूला वळवलं आणि सगळा जीव मनगटात आणला. झाकण करकरलं आणि फिरलं. तिने आम्लाचे थेंब टाकले आणि झाकण पुन्हा लावलं. काही दिवस बाटली तशीच राहू दिली.

आकडे पडद्यावर आले तेव्हा मुलगी खुर्चीतून उठलीच. "शिसं नाहीच, मॅडम! असून नसल्यासारखं. बोगद्यानेच आणलंय." मग तिचा चेहरा पडला. "पण जस्त बघा केवढं. नमुना बिघडलेला दिसतोय. ते लोक म्हणतील, सगळेच आकडे खोटे."

"म्हणू देत. त्या मलमात शिसं नाही. मी तपासलंय, कागद आहेत माझ्याकडे."

"कुठलं मलम?"

दगडमावशी जरा पुढे वाकली. ती पडद्याकडे बघत होती.

"अहवालात कारण द्यावं लागेल," मुलगी म्हणाली. "जस्त कुठून आलं म्हणून लिहू?"

"लिही. नमुना घेणाऱ्याचा हात."

मुलीने लिहिलं. "मग हा जस्ताचा आकडा काढून टाकते."

"काढ की. काढायलाच हवा," दगडमावशी म्हणाली, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. "पण थांब जरा. बघू दे मला."