‘राहू द्या’ म्हणजे काय

मीनल एका मंगळवारी गेली. सकाळी तिच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा फोन आला. "ती गेली," एवढंच म्हणाला. मी वेस्ट विंडसरला लायब्ररीत कामावर होते. हातातली पुस्तकं कपाटात लावली आणि निघाले.

मीनल वकील होती. नागपूरहून शिकायला परदेशी आली आणि इथलीच झाली. तुरुंगातल्या कैद्यांचे दावे ती चालवायची. कुणाला औषध मिळालेलं नसायचं, कुणाला मारहाण झालेली असायची. गणपतीच्या जेवणात कुणी काका हमखास विचारायचे, "अगं, तुला चोरच का सापडतात?" ती म्हणायची, "काका, चोरीची शिक्षा जजनं दिलीय. पाय सडवायची कुणी दिली?" काका मग कोशिंबीर वाढून घ्यायला वळायचे.

सडलेला पाय खराच होता, तिच्या एका मराठी अशिलाचा. त्याला मधुमेह होता. जखम चिघळली, डॉक्टर फार उशिरा आला, पाऊल कापावं लागलं. तुरुंगाच्या नोंदीत मात्र लिहिलं होतं, ‘पेशंटनं डॉक्टरला नकार दिला.’ सगळा दावा त्या एका वाक्यावर अडला होता.

अशा दाव्यात कागदपत्रं आणि जबान्या गोळा करायला कोर्ट मुदत देतं, या टप्प्याला डिस्कव्हरी म्हणतात. या माणसाची जबानी तुरुंगातून व्हिडिओवर व्हायची होती. ती दोनदा ठरली आणि दोनदा तुरुंगानं कॅन्सल केली. एकदा खोली रिकामी नव्हती, एकदा पहारेकरी नव्हता. जजनं मुदत वाढवली, पण ही शेवटची असंही बजावलं. तोवर मीनलची कॅन्सरवरची केमो डॉक्टरांनी बंद केलेली होती...

"डॉक्टरांकडे एक एक्स्टेंशन मागितलं यार," ती मला म्हणाली, "ते जजपेक्षा कडक निघाले." मी चहाचे कप उचलले. "अगं, हस की वसुधा. जोक होता."

अखेर लिंक लागली. मीनल घरीच जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिला एकटं सोडायचं नव्हतं म्हणून, सगळ्यांना सांगून, मी मागे बसले होते. सरकारी वकिलानं दुभाष्यामार्फत विचारलं, "नर्सनं डॉक्टरबद्दल विचारलं तेव्हा काय म्हणालात?"

"नो नो, लीव्ह इट, म्हणालो."

"म्हणजे नको म्हणालात?"

"...हो."

मग मीनलची पाळी आली. तिनंही दुभाष्यामार्फतच विचारलं, "तेव्हा मनात मराठीत काय होतं?"

"राहू द्या."

"कुणाच्या घरी चहा विचारला, तर काय म्हणता?"

"राहू द्या."

"मग?"

"मग ते आणतात. मी पितो."

"आणि नाहीच आणला तर?"

"असं कुणी करत नाही, ताई."

दुभाषी ‘ताई’पाशी अडखळला, मग ‘मॅडम’ म्हणाला. सरकारी वकिलानं हरकत घेतली. तीही नोंदली गेली, आणि उत्तरही. लिंक बंद झाल्यावर मीनलनं टेबलावर डोकं टेकलं. बराच वेळ उचललं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

जजचा आदेश गेल्या आठवड्यात आला. दावा फेटाळून टाकावा, ही तुरुंगाची मागणी त्यानं मानलेली नाही. त्या माणसाचं बोलणं नकार होतं की नव्हतं, हे ज्युरी ठरवेल. मीनलच्या ऑफिसातल्या एका तरुण वकिलानं काम हाती घेतलं आहे. त्याला मराठी येत नाही. जबानी वाचून त्यानं मला फोन केला आणि जरा संकोचूनच विचारलं, तुम्ही लोक खरंच असं म्हणता का? खरंच म्हणतो, असं मी सांगितलं.

दावा उभा आहे. तारीख अजून पडायची आहे.