भंडाऱ्याची रेघ

कोळप्यांच्या घरात नवी वस्तू खंडोबाचा भंडारा लावल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. म्हस्कूच्या आज्याने तो मेंढरांना लावला, बापाने पहिल्या मोटारसायकलीला लावला. म्हस्कूचं कारेगावात पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं दुकान आहे, आणि तो गेटपासून ट्रॉलीपर्यंत सगळ्याला लावतो. गिऱ्हाईक हसतं, पण लावून घेतं. म्हस्कूचा जोड तुटल्याचं पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नाही, आणि हे चारचौघांत सांगायला तो स्वतःही कधी चुकत नाही.

वरवंडच्या विश्वजीतने डोंगर चढायच्या शर्यतीसाठी एक जुनी जीप आणून टाकली. बाजारात मिळत नाही ते सगळं म्हस्कूने तिच्यासाठी हाताने घडवलं. डोक्यावरचा पाइपांचा पिंजरा, पुढचा बंपर, मागचा एक्सल धरून ठेवणारे दोन जाड ब्रॅकेट. गाडी रविवारीच निघणार, खंडोबाच्या वाराला, हा हट्टही त्याचाच. म्हणून शनिवारी आसपासच्या शेतांतल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, लाइट डीम होऊन वेल्डिंगला जोर मिळेना, तरी डावा ब्रॅकेट त्याने ओढूनताणून उरकला. वरून ग्राइंडर फिरवला. रंग मागाहून देऊ म्हणाला. जोड दिसायला लाखात एक.

रविवारी सकाळी तेलात कालवलेला भंडारा त्याने बोनेटला फासला, पिंजऱ्याला फासला, खाली वाकून ब्रॅकेटांनाही फासला. बायकोने, गीताबाईने, नारळ फोडला. विश्वजीतच्या शेजारी बसला होता मल्हार, म्हस्कूचा थोरला, विश्वजीतचा कॉलेजपासूनचा दोस्त. निघता निघता म्हस्कूने ब्रॅकेटांवरचं ओघळणारं तेल फडक्याने पुसून घेतलं. डाव्या जोडालगत केसाएवढी पिवळी रेघ उरली. त्याने परत पुसलं. रेघ तिथंच.

ग्राइंडरचा ओरखडा असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. हॉर्न वाजत होता, माणसं बघत होती. जीप गेली.

मग मात्र चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला. ओरखड्यातलं तेल पुसलं जातं, भेगेतलं राहतं. तीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला हे काय नव्याने शिकायचं होतं?

"आवं, झालं काय?" गीताबाईने विचारलं.

"जोड कच्चा राह्यलाय. आन् पोरगं बसलंय त्या गाडीत."

फोन लावला तर नुसता वाजत राहिला. म्हस्कूने हातोडा डिकीत टाकला आणि मोटारसायकल न्हावऱ्यावरून वरवंडला जाणाऱ्या रस्त्याला घातली. प्रत्येक वळणावर त्याला उलटी पडलेली जीपच दिसायची. न्हावऱ्याच्या पुढं समोरून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा तिच्यामागं वळावं की पुढं जावं हेच त्याला कळेना. खंडोबाचं नाव घ्यायचीही त्याला भीती वाटली, कारण रविवारचा हट्ट त्याच्याच नावावर केला होता. तो पुढंच गेला.

वरवंडच्या माळावर टेकडीखाली जीप उभी होती, तोंड चढाकडे, इंजिन सुरू. भोवती ही गर्दी. म्हस्कूने मोटारसायकल थेट जीपसमोर आडवी घातली.

"इश्वजीतराव, गाडी न्यायची न्हाई! डावा जोड कच्चा हाय."

"काय मामा! तुमीच भंडारा लावून दिली की. माणसं बघत्यात."

"बघू द्या. माझ्याच हातचा कच्चा हाय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. म्हस्कूने दोघांना खाली उतरवलं, इंजिन बंद करायला लावलं, मागच्या चाकाशी आडवा झाला आणि हातोडा घातला. ठण्ण. काही नाही. दुसरा घातला. काही नाही.

"झालं समाधान?" विश्वजीत म्हणाला.

तिसऱ्या घावाला ब्रॅकेट सुटून मातीत पडला. मल्हारने तो उचलून उजेडात धरला. तुटलेल्या अंगावर भंडारा पार आतपर्यंत उतरला होता. एका कडेला नखाएवढं लोखंड तेवढं पांढरं चकाकत होतं. गाडी आतापर्यंत तेवढ्यावरच चालली होती.

"आबा," मल्हार म्हणाला, "तुमी यायच्या आदी दोनदा वर जाऊन आलो आमी."

म्हस्कू मातीतून उठून बसला. त्याने मल्हारचं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.