माशीचं आतडं आणि माझी पीएचडी

सात वर्षं फळमाशीच्या आतड्यावर पीएचडी केली की हाताशी निष्कर्ष कमी आणि किस्से जास्त उरतात. कर्जतजवळच्या आमच्या लॅबमध्ये नवी आले तेव्हा वाटलं होतं, उलटं होईल.

विषय तसा सोपा. अळीची माशी होताना जुनं आतडं मोडतं. पेशी स्वतःलाच आतून खातात. पण शरीरात वाढीचा संदेश चालू असेल, तोवर हे खाणं सुरूच होत नाही. पळसदरीला घरी हे सगळं समजावलं. बाबा म्हणाले, "आमी माशा हाकलतो, तू पाळतेस. बरं हाय."

*

पहिल्या वर्षी गुंगी दिलेल्या माशा ब्रशने एकेक करून निवडत होते. शेवटची उचलली आणि मला सटकन शिंक आली. सकाळभराचं काम टेबलाखाली गेलं. माझ्या गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून मास्क लाव. तुझ्यासाठी नाही, माशांसाठी."

*

लॅबचा खरा आधार म्हणजे भिवपुरीच्या सुमनमावशी. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट घालून माशांचं खाणं त्याच शिजवतात. एकदा मी शिजवलं, तर सगळ्या बाटल्यांना बुरशी आली. मावशी म्हणाल्या, "ताई, तुज्या हातचं माशी पण खात नाय गं." डबा विसरायची मला सवयच, म्हणून मग माझं दुपारचं जेवणही त्याच आणायला लागल्या.

*

गेल्या हिवाळ्यात माझी मुदत संपत आली होती. एक प्रयोग जमला तरच थिसिस सबमिट होणार, नाहीतर सात वर्षं पाण्यात. अळ्या उपाशी ठेवायच्या, म्हणजे वाढीचा संदेश बंद, म्हणजे आतडं मोडायला लागणार.

मोडेना. तीनदा केलं, तीनदा आतडं ठणठणीत. मला वाटलं, आपण जुना सिद्धांतच उलटवला. मी लगेच पंधरा स्लाइड बनवून मॅडमना दाखवल्या.

मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत त्या उपाशी अळ्यांची एक बाटली उजेडात धरली. तळाशी पिवळसर काहीतरी होतं. मी सगळं मायक्रोस्कोपमधूनच बघत होते, बाटलीकडे नुसत्या डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"मावशी, यात काय घातलंत?"

"चमचाभर खाणं. रोज सकाळी घालते. उपाशी ठेवल्यात हिनं, माजा जीव तुटतो."

"अहो, पण घालायला सांगितलं कोणी?"

"सांगाया कशाला पायजे? हिला डबा आणते, तो काय कुणी सांगितला म्हणून?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात मावशींच्या नाचणीच्या भाकरीचा घास होता.